अबू नासिरचा चाप ठरेपर्यंत

कुणाच्या नशिबात काय वाढून ठेवलेलं असेल, सांगता येत नाही. हर्णैच्या जलाल परकारनं उभ्या जन्मात बंदूक हातात धरली नव्हती. गावात डुकरं शेतात शिरली की बाकीचे बंदुकवाल्याला बोलवायला धावायचे, हा पत्र्याचा डबा बडवायचा. त्या जलालला सौदीतल्या कतीफच्या वर्कशॉपमध्ये डोळे मिटून बंदुकीचे चाप ओढत बसावं लागलं, आणि तेही त्याची सख्खी आई मक्केत त्याची वाट बघत बसलेली असताना.

वर्कशॉप मासेमारीच्या होड्यांचं. इंजिनं दुरुस्त करायची, डिझेलचे पंप खोलायचे, साफ करून पुन्हा बसवायचे. पंपाचं नाजूक काम जलालकडे, कारण त्याच्या बोटांना केसाइतका फरक कळायचा. मालक अबू नासिर. कफीलही तोच, म्हणजे जलालचा इकामा, तिथं राहण्याचा परवाना, त्याच्या कपाटात आणि जलालनं कुठल्या गावाला कधी जायचं ते त्याच्या सहीवर. माणूस वाईट म्हणाल तर अजिबात नाही. पोटानं मोठा, मनानं हळवा, पाच वेळचा नमाजी. खोट एकच, त्याचं कुठलंही ठरायचं नाही. दुपारी काय जेवायचं हे ठरेपर्यंत असरच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहराच्या नमाजाची वेळ व्हायची.

या अबू नासिरकडे बापाच्या वेळची एक रायफल होती. दर गोळीला हातानं खिट्टी मागेपुढे ओढायची, त्या जातीची. तिचा रीतसर परवाना होता. हिवाळ्यात वाळवंटात तंबू टाकून मित्र जमायचे, लांब फळी उभी करून नेम धरायचे. त्या वर्षी अबू नासिरचे सगळे नेम हुकले आणि त्याचा मेहुणा सगळ्यांसमोर हसला. झालं. नेम हुकतो तो माणसाचा नव्हे, चापाचा दोष आहे, असं अबू नासिरनं मनाशी पक्कं केलं. चाप होताही तसा. ओढताना खरखरायचा, वाळूतून काहीतरी फरफटत आणावं तसा, आणि सुटायचा कधी ते त्यालाही कळायचं नाही. तेव्हा हा कारखान्यातून आलेला चाप काढायचा आणि बाहेरच्या कंपनीचा नवा, चांगला चाप बसवायचा. बसवणार दम्मामचा परवानेवाला दुकानदार. निवडायचा मात्र आपण. आता 'आपण' म्हणजे कोण, ते वेगळं सांगायला नको.

दुकानदारानं नमुन्याचे तीन चाप एका डबीत घालून दिले. बंदूक वर्कशॉपमध्ये कधी आली नाही, यायची नव्हतीच. परक्या देशाच्या माणसानं बंदुकीला हात लावायचा आणि पोलिसानं बघायचं, एवढं धाडस अबू नासिरच्यातही नव्हतं. फक्त चाप. जलालनं ते वाइसच्या लोखंडी जबड्यात धरता येतील अशी एक लाकडी ठोकळी केली, आणि कुठला चाप किती जोरानं सुटतो ते मोजायला बाजारातून मासळीचा स्प्रिंगकाटा आणला. काट्याचा आकडा चापाला अडकवायचा, हळू ओढायचं, चाप सुटला की काटा काय दाखवतो ते बघायचं. काट्याला सुरमईचा वास होता. अबू नासिर नाकाला रुमाल लावून वाकून बघायचा.

पहिला चाप अगदी हलका, बोट टेकलं न टेकलं की सुटणारा. दुसरा जरा जड, पण मधे खरखर नाही, काडी मोडावी तसा एकदम मोडणारा. तिसरा दोन टप्प्यांचा. आधी थोडा सैल मागे यायचा, मग बोटाला भिंत लागल्यासारखं व्हायचं, आणि तिथून पुढे दाबला तरच सुटायचा. जलालनं डोळे मिटून तिन्ही ओढून पाहिले आणि पहिल्याच दिवशी त्याच्या बोटानं सांगून टाकलं की या माणसाला तिसरा. बोटं जाड, वर थंडी, नातवंडं मांडीवर खेळणारी, आणि ठरवायला वेळ लागणारा. त्याला भिंत लागणाराच पाहिजे.

पण जलालनं ते सांगितलं नाही. अबू नासिर हलक्या चापाकडे बघून हरखला होता, म्हणून जलाल म्हणाला, हाच एक नंबर. बावीस वर्षांच्या नोकरीत तो हेच शिकला होता. कफील ज्या दिशेला बघतो तिकडे बोट दाखवायचं, काम लवकर उरकतं. आणि त्या दिवशी त्याला लवकरच उरकायचं होतं.

कारण आई येणार होती. शरफुन्निसा परकार, वय झालेलं, गुडघे गेलेले, दापोलीच्या टूरवाल्याबरोबर आपल्या भावाला, जलालच्या मामूला, घेऊन उमऱ्याला, म्हणजे मक्केच्या छोट्या यात्रेला. गावातल्या बायकांनी तिला मक्केतल्या भाड्याच्या चाकाच्या खुर्च्यांबद्दल सांगितलं होतं. ती म्हणाली, माझा उमरा मी भाड्याच्या पोराकडून करून घेईन, पण जलालच्या बावाच्या नावाचा दुसरा उमरा करायचाय, त्याला खुर्ची जलालच ढकलेल. बावा, म्हणजे वडील, जाऊन तीन पावसाळे झाले होते; दफन त्याच दिवशी उरकलं आणि जलाल त्यांच्या मयतीला पोचला नव्हता. हे तिनं बोलून दाखवलं नाही. तिला बोलून दाखवायची गरजच नव्हती.

मग सरळ जाऊन सांगायचं ना, की माझी आई आलीय, मला मक्केला सोडा? अबू नासिरसारखा माणूस नाही म्हणाला नसता. तर तिथेच सगळं अडलं होतं. अबू नासिरच्या हिशेबी जलालची आई मेलेली होती.

तेही ऐका. पाचेक वर्षांपूर्वी सफूराचं, म्हणजे जलालच्या बायकोचं बाळंतपण अडलं होतं आणि कफीलचं सुट्टी द्यायचं काही ठरेना. तेव्हा शेजारच्या खाटेवरच्या नागेशनं मार्ग दाखवला. तो मार्ग काही त्यानं शोधलेला नव्हता, कामगारांच्या साऱ्या कॅम्पचा चालत आलेला होता. घरून फॅक्स मागवायचा, आई वारली, ताबडतोब या. आईबापाच्या मरणाला अरब माणूस नाही म्हणत नाही. जलालला जड गेलं, पण शरफुन्निसाला नाही. ती स्वतः टेलिफोनच्या बूथवर गेली, बूथवाल्या पोराला म्हणाली, "लिव, शरफुन्निसा मेली. माज्या मरनानं सून वाचत असंल तर मी रोज मरंन." आणि फॅक्स गेल्याची पावती पदराला बांधून घरी येऊन तिनं भात टाकला.

फॅक्स वाचून अबू नासिर जलालच्या गळ्यात पडून रडला. विमानाचं तिकीट काढून दिलं. जलाल परत आला तर वर्कशॉपच्या बाहेरच्या भिंतीला थंड पाण्याचा मोठा स्टीलचा कूलर बसवलेला, वर शरफुन्निसाचं नाव. येणाऱ्याजाणाऱ्यानं प्यावं, पुण्य जलालच्या मरहूम आईला लागावं, म्हणून. असे कूलर तिकडे रस्तोरस्ती असतात. हा मात्र जिवंत बाईच्या नावचा. तो धुवायचं काम साहजिकच मुलाचं, नाही का! पाच वर्षं जलाल दर शुक्रवारी तो कूलर घासत आला, आणि अबू नासिर शेजारी उभा राहून हात वर करून शरफुन्निसाच्या कबरीवर नूर मागत आला. आमीन कुणी म्हणायचं? जलालनंच.

तर अशी ही ताकाला जाऊन भांडं लपवायची गोष्ट. जलालनं ठरवलं, आईचं नाव काढायचं नाही, नुसतं उमऱ्याला जातो म्हणायचं. चाप ठरला त्याच संध्याकाळी त्यानं शब्द टाकला. अबू नासिरचा चेहरा उजळला. म्हणाला, मी कधीपासून मनात धरलंय की तुझ्या आईच्या नावानं एक उमरा करायचा. आपण दोघं जाऊ, माझ्या गाडीनं. फक्त हे चापाचं एकदा दुकानदाराला कळवून टाकू, मग यल्ला, निघू.

म्हणजे मक्केत कफील बरोबर आणि आई समोर. पण वेळेला माणूस काहीही मनात रचतो. मक्केत लाखाची गर्दी, तिथे कफीलला चुकवून आईपर्यंत पोचता येईल, असं त्यानं स्वतःला पटवलं. आधी तिथवर तर जाऊ.

दुसऱ्या दिवशी अबू नासिर आला तो चेहरा पाडून. मेहुण्यानं विचारलं होतं, एवढा हलका चाप, गाडी खड्ड्यात आपटली आणि सुटला तर? मेहुण्याचं बरोबरच होतं, जलाललाही ते पहिल्यापासून माहीत होतं. पुन्हा ठोकळी, पुन्हा वाइस, पुन्हा सुरमईचा वास. या वेळी अबू नासिर दुसऱ्यावर रेंगाळला, तर जलाल म्हणाला, हाच पाहिजे, पहिला हलकाच होता. मग कुणी मित्र म्हणाला, दुसरा जड आहे, म्हाताऱ्या बोटाला कळ लागेल. मग पुन्हा पहिला, स्क्रूनं थोडा जड करून. मग कुणी म्हणालं, स्क्रू ढिला पडतो. प्रत्येक वेळी जलाल कफीलच्या मागे मागे, एकदा या चापाला एक नंबर, एकदा त्या चापाला. आपण आपल्याच हातानं दोरीला पीळ घालतोय, हे त्याच्या ध्यानात येत नव्हतं असं नाही. पण धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

आणि तिकडे मक्केहून फोन. टूरवाल्याच्या मोबाइलवरून शरफुन्निसा विचारायची, निघालास? जलाल म्हणायचा, उद्या. ती म्हणायची, बरं. दुसऱ्या दिवशी पुन्हा, निघालास? एकदा तिनं विचारलं, असं कसलं काम रे, की तुला मालक सोडीना? आता बंदुकीचा चाप निवडतोय, हे म्हाताऱ्या आईला कुठल्या तोंडानं सांगायचं! मशीन बिघडलंय म्हणाला. मामू मागून बोलत होता की खुर्चीवाला पोरगा उभा आहे, बावाचा उमरा करून घेऊ या. ती त्याला म्हणाली, माझा मुलगा याच देशात आहे, तो मशीन नीट करून येतोय.

जलालनं फोन ठेवला आणि हातातला पाना भिंतीवर फेकून मारला. नागेश इंजिनाखालून बाहेर आला. जलाल म्हणाला, आज सांगून टाकतो कफीलला, काय व्हायचं ते होऊ दे. नागेशनं हात पुसले, शांतपणे समोर बसला. त्यानंही दोन वर्षांपूर्वी आपल्या बापाला असाच मारला होता, आणि बाप मालवणात सुपारी कातरत बसला होता.

"तुजी आई जिती झाली ना, की आमचे सगळ्यांचे मेलेले उठून बसतील," नागेश म्हणाला. "मग उद्या कुणाचा खरंच मेला, तर त्याका कोण सोडतलो?"

एकट्याचं खोटं असतं तर माणूस गिळतो किंवा थुंकतो. हे साऱ्या कॅम्पच्या पांघरुणातलं, एकानं ओढलं की सगळे उघडे. संध्याकाळी जलाल पुन्हा काट्यापाशी उभा राहिला. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

मग एका सकाळी फोन आला की टूर मदिनेला निघाली. आई बसमध्ये बसली होती. बावाचा उमरा राहिला तो राहिलाच. ती काही रागावली नाही, उलट म्हणाली, कामाला जीव लावतोस, बरं आहे. मदिनेहून बसनं सरळ जेद्दाला, तिथून परतीचं विमान आहे, तिथे जमलं तर बघ. जलाल कूलरपाशी उभा होता. एक बंगाली पोरगा येऊन पाणी प्याला, आणि जाताना त्यानं वरच्या नावाकडे बघून दुआ मागितली.

त्याच दिवशी अबू नासिर हसत हसत आला. हातात दुकानदाराकडचं नवं पुस्तक, त्यात चौथ्या चापाचं चित्र. हाही बघू मागवून, तो म्हणाला. पंधरा दिवसांत येईल. घाई काय आहे?

जलालच्या डोक्यात काहीतरी फुटलं. त्यानं ते पुस्तक घेतलं, मिटलं, बाकावर ठेवलं. तिसरा चाप वाइसमध्ये धरला, अबू नासिरचं जाड बोट स्वतःच्या हातानं धरून त्यावर टेकवलं, आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा त्याच्याशी चढ्या आवाजात बोलला.

"ओढा. आता थांबा. भिंत लागली ना? इथे थांबता येतं. वाटलं तर बोट उचलता येतं. पुढे दाबाल तर तुमच्या मर्जीनं दाबाल. तुमच्यासारख्या माणसाला हाच चाप. दुसरा कुठलाच नाही."

अबू नासिरनं ओढला, थांबवला, बोट उचललं. पुन्हा ओढला, थांबला, आणि मग दाबला. टक. त्याच्या चेहऱ्यावर लहान मुलाचा आनंद आला. म्हणाला, खलास, हाच. आणि मग हळूहळू त्याच्या कपाळाला आठी पडली. माणूस ठरवायला मंद होता, समजायला नव्हता.

"तुला हे केव्हापासून माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग तू मला पहिला चांगला का म्हणालास? दुसरा चांगला का म्हणालास?"

"तुम्हाला आवडले होते म्हणून."

अबू नासिर स्टुलावर बसला. त्यानं आपल्या बोटाकडे बघितलं. मग अगदी साध्या आवाजात, रागाचा मागमूस नसलेल्या आवाजात म्हणाला, "जलाल, मला आवडेल म्हणून तू आणखी काय काय सांगितलंस?"

वर्कशॉपमध्ये होडीच्या इंजिनाखाली नागेशची हातोडी थांबली. जलाललाही भिंत लागली होती, इथून बोट उचलता आलं असतं. काही नाही म्हणायचं आणि कूलर धुवायला जायचं. पण मदिनेच्या रस्त्यावर बसमध्ये आई बसली होती.

"माझी आई जिवंत आहे," तो म्हणाला. "ती मक्केत होती. माझी वाट बघून आज मदिनेला गेली."

अबू नासिर उठला, बाहेर गेला, कूलरपाशी उभा राहिला. एक पेला भरला, बसून प्याला, पेला विसळून साखळीला अडकवला. जलालला वाटलं, आता फायनल एक्झिटचा, म्हणजे कायमचं घरी पाठवण्याचा शिक्का, बावीस वर्षांचं गाठोडं आणि विमान. पण अबू नासिर ऑफिसात गेला आणि जलालचा इकामा व प्रवासाच्या परवानगीचं सही-शिक्क्याचं पत्र घेऊन आला. म्हणाला, पहिल्याच दिवशी सांगितलं असतंस तर मी तुला रात्री गाडीत घालून घेऊन गेलो असतो. पाच वर्षं मी तुझ्या आईसाठी रडलोय. मग इंजिनाकडे बघून विचारलं, नागेशचा बाप कसा आहे? जलाल म्हणाला, त्याचं मला माहीत नाही. इंजिनाखाली हातोडी पुन्हा सुरू झाली.

निघताना जलालनं विचारलं, कूलर काढून टाकू? अबू नासिर म्हणाला, लोक पाणी पितायत, राहू दे. तो रागावला होता की दुखावला होता, हे जलालला आजही सांगता यायचं नाही. मिठी मात्र त्यानं मारली नाही.

कतीफहून जेद्दा म्हणजे आख्खा देश आडवा कापायचा. मदिनेत टूरचा मुक्काम एकाच रात्रीचा, तिथे गाठायला उशीर झालाच होता, म्हणून जलाल सरळ जेद्दाच्या विमानतळावर उतरला. टूरची बस आली. मामू उतरला, झमझमच्या पाण्याचे कॅन उतरले, बायका उतरल्या, आणि सगळ्यात शेवटी ड्रायव्हरनं धरून शरफुन्निसाला खाली घेतली. पाच वर्षांत ती केवढीशी झाली होती! जलालनं विमानतळाची चाकाची खुर्ची ओढून आणली, तिला बसवलं, पायांवर शाल घातली. खुर्ची ढकलायला एक कामगार पुढे आला, त्याला त्यानं हातानंच बाजूला केलं.

बसपासून काउंटरपर्यंतचा रस्ता तो किती? जलाल जमेल तेवढं हळू चालला. एका खांबाला उगीचच वळसा घातला. आईला कळलं, तिनं मागे हात करून त्याचा हात चाचपला. नातवंडांचं सांगितलं, सफूरानं पाठवलेले आमसुलाचे पुडे दिले. मग म्हणाली, मशीन झालं का नीट?

जलालनं तिला सगळं सांगितलं. चाप, काटा, मेहुणा, कूलर, अबू नासिरनं पाणी पिऊन पेला विसळला ते. कूलरचं ऐकून ती हसली, माझ्या जिवंतपणी माझं पुण्य जमा झालं म्हणाली. चाकं फरशीवर कुरकुरत होती. काउंटर जवळ आला तसं तिचं हसू ओसरलं.

"म्हंजे त्याला सांगितलंस, मी जिती हाय."

"सांगितलं, आय."

तिनं पासपोर्ट मामूच्या हातात दिला. मग मान न वळवता म्हणाली, "मग आता मी खरी मेले, की तू कसा येशील?"

रांग पुढे सरकली. मागच्या माणसानं यल्ला म्हटलं, आणि जलालनं खुर्ची पुढे ढकलली.